आरतीत हसू फुटलं, आता सासरे बोलत नाहीत

मधली_सून

मंडळी, आमच्याकडे पाच दिवसांचे गणपती, आज तिसरा. काल संध्याकाळची गोष्ट. घर भरलेलं. दीर-जावा, नणंद, त्यांची पोरं, खालच्या मजल्यावरचे दोघं. सासरे नेहमीसारखे पुढे, हातात झांजा, आवाज सगळ्यांच्या वर. ‘सुखकर्ता’ संपत आली आणि त्यांनी शेवटच्या कडव्यातली ओळ खेचली, ‘दास रामाचा वाट पाहे सजणाऽऽ’. साठ वर्षं ते ‘सजणा’च म्हणतात, आम्हाला सवय आहे. पण ‘सुखकर्ता’ संपून ‘लवथवती’ सुरू होण्याआधी जी एक फट असते ना, नेमकी त्या फटीत माझ्या दुसरीतल्या चिरंजीवांनी खणखणीत आवाजात विचारलं, “आजोबा, सजणा म्हणजे बॉयफ्रेंड ना?”

पुढचं काय सांगू. आधी नणंद फुटली, मग जाऊ, मग मी. माझ्या हातात निरांजन, ते इतकं हलायला लागलं की तूप ताम्हनात सांडलं. सासऱ्यांनी एकट्यांनी ‘लवथवती’ पूर्ण केली. मंत्रपुष्पांजली झाली, झांजा पिशवीत गेल्या, आणि ते प्रसाद न घेता आत जाऊन बसले. आज सकाळपासून माझ्याशी, नणंदेशी, कोणाशीच शब्द नाही. नातवाशी तेवढं बोलतात.

देवासमोर असं हसणं चूक असतं का हो? सासूबाई म्हणतात, “श्रद्धा असती तर हसू आलं नसतं.” मला ते लागलंय. श्रद्धा आहे आणि हसूही आलं, हे दोन्ही खरं आहे.

शेवटचा_बाक

आधी चिरंजीवांना माझा नमस्कार सांगा. मुलगा पुढे जाणार.

वाफाळता_चहा

धाग्यावर चटई टाकून बसतेय. ‘सजणा’ आमच्याकडेही होतं! शिवाय ‘संकष्टी पावावे’, ‘फळीवर वंदना’ आणि ‘लवलवती’. ‘दीपक जोशी’ फार जुना झाला, तो कोणी टाकू नका.

शेवटचा_बाक

माझी भर. विठ्ठलाच्या आरतीत ‘ओवाळू आरत्या कुरवंड्या येती’ आहे. मी ऐकायचो ‘सुरवंट या येती’. पुढची ओळ ‘चंद्रभागेमाजी सोडुनिया देती’. म्हणजे पंढरपूरला लोक लांबून लांबून सुरवंट आणून नदीत सोडतात, अशी माझी पक्की समजूत. चौथीत असताना आजीनं पंढरपूरला नेलं, तर मी चंद्रभागेत पाय घालायला तयार नाही. आजी गावभर सांगत सुटली, पोर फार भाविक, नदीला पाय लावत नाही.

तळटीप

हसून झालं असेल तर थोडं अर्थाचं बघू. कुरवंडी म्हणजे ओवाळणी, ओवाळून टाकणं. ‘फणिवरबंधना’ म्हणजे ज्यानं कमरेला नाग बांधलाय तो. ‘निढळावरी कर ठेवूनि वाट मी पाहे’ यातलं निढळ म्हणजे कपाळ. उन्हात लांबवर बघताना आपण कपाळावर हात आडवा धरतो, तो हात. आणि ‘सदना’ म्हणजे घरी. रामाचा दास घरी वाट बघतोय, संकटात धाव. ‘दास रामाचा’ ही रामदासांची नाममुद्रा आहे. इतकी साधी, सुंदर ओळ. चुकीची म्हणायची आणि वर त्याचा विनोद करायचा, ह्याला मी तरी आळस म्हणेन. पुस्तक पाच मिनिटं उघडलं की काम होतं.

नास्तिक_प्रसादापुरता

तळटीप, निढळाचं माहीत नव्हतं, आभार. पण अर्थ कळून म्हणणारे किती आणि चालीवर वाहून जाणारे किती? मंत्रपुष्पांजली बघा. ‘यज्ञेन यज्ञ’ला सगळे शूर, ‘राजाधिराजाय’पर्यंत निम्मे टिकतात, ‘समंतपर्याया’ला नुसती पुटपुट, ओठ हलतायत एवढंच. आणि शेवटी ‘सभासद इति’ला सगळी फौज टिपेच्या सुरात परत. लहानपणी मला वाटायचं, सोसायटीच्या सभासदांचे आभार मानून कार्यक्रम संपवतात.

वाफाळता_चहा

सभासद 😂 आता यंदा मला ते म्हणता येणार नाही. पाप तुमच्या माथी.

ओसरी

मसू, सासूबाईंचं वाक्य मनाला लावून घेऊ नका. माझ्या सासूबाईंचं सांगते.

त्यांचा बाळकृष्ण होता, पितळी, अंगठ्याएवढा. रोज सकाळी ताम्हनात त्याची आंघोळ. आणि अखंड बोलणं. “सरळ बस रे मेल्या, डोळ्यात पाणी जाईल.” “काल कुठे लोळलास एवढा, मानेत बघ काय साठलंय.” थंडीत त्याला कोमट पाणी. नळाला पाणी नसलं की “आज तोंड पूस नुसतं, उद्या दोन तांबे घालीन.” नवीन लग्न होऊन आले तेव्हा मी पदर तोंडात कोंबून हसायची. त्यांना ते दिसायचं. म्हणायच्या, “हास हास, त्यालाही सवय आहे.”

जनाबाई विठ्ठलाला ‘विठ्या’ म्हणते, ‘मूळ मायेच्या कारट्या’ म्हणते, आणि पुढे जे म्हणते ते इथे लिहायला मला धीर होत नाही. आणि तोच विठ्ठल तिच्या जात्याला हात लावतो अशी आपल्याकडची श्रद्धा. तेव्हा लाडानं, रागानं, हसून बोलणं हे काही आत्ताचं खूळ नाही.

पण एक दिवस आठवतो. सासरे इस्पितळात होते, आशा कमी होती. त्या सकाळीही बाईंनी आंघोळ घातली, पुसलं, गंध लावलं, तुळस ठेवली. पण एक शब्द बोलल्या नाहीत. मी दारात उभी होते. त्या दिवशी मात्र मी घाबरले.

मधली_सून

ओसरीताई, काटा आला अंगावर. आमच्या घरात आत्ता तशीच शांतता आहे हो.

वऱ्हाडी_ठेचा

माह्या आबानं गाडगेबाबाचं कीर्तन आयकलं होतं. आबा सांगे, बाबा आधी गाव झाडे, मंग कीर्तनाले उभा राहे. कीर्तनात लोकायलेच प्रश्न इचारे. लोक हासत हासत उत्तर देत, अन् उत्तर देता देता आपणच सापडत. बोकड मारू नका, दारू पिऊ नका, कर्ज काढून लग्न करू नका, पोराले शाळेत घाला, सारं हासवतच सांगे. हासलं म्हणून देव बाटते असं त्या माणसानं तं कधी सांगतलं नाही. सासरेबुवाले म्हणा, रुसू नका, मोदक खा.

वाफाळता_चहा

एकनाथांचं भारूडही आठवा. सून भवानी आईला रोडग्याचा नवस बोलते. सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडेच ठेव. सासू जाच करते, तिला ने. नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे. आणि शेवटी दादल्याचाही नंबर लागतो. सगळे जाऊ देत, मला एकटीला राहू दे. सोळाव्या शतकात पैठणच्या ब्राह्मणानं हे लिहिलं आणि लोकांनी देवळाच्या आवारात ऐकलं. अध्यात्माचा अर्थ निराळा आहे हे ठाऊक आहे, तळटीप, तुम्ही टंकायला सुरुवात केली असेल. पण समोर बसलेल्या सुना पहिल्यांदा कशाला हसल्या असतील ते आपल्याला माहीत आहे.

तळटीप

टंकत होतोच. 🙂 सासू-सासरे-नणंद म्हणजे जीवाला बांधून ठेवणारे पाश, आणि ‘एकटी’ म्हणजे त्यातून मोकळी झालेली. पण तुमचा मुद्दा मान्य.

किनारा

मी वसईकडची, कॅथलिक. आमच्याकडे हसू दाबण्याची जागा म्हणजे मिस्सा. शांतता इतकी की पोटात गुरगुरलं तरी मागच्या बाकाला कळतं. माझ्या धाकट्या भावाचं पहिलं पापनिवेदन होतं. मुलं आदल्या दिवशी घरी पापांची उजळणी करतात, विसरायला नको म्हणून. याची स्वतःची पापं दोनच निघाली, ती त्याला कमी वाटली. मग त्यानं माझी घेतली. आत जाऊन फादरना म्हणाला, “मी आईच्या पर्समधून पैसे घेतले, ट्यूशनला दांडी मारली, आणि मला मासिक पाळीच्या वेळी खोटं बोलून शाळेतून सुट्टी घ्यायची सवय आहे.” हे सगळं त्यानं घरी येऊन स्वतःच आईला अभिमानानं सांगितलं. फादर काय म्हणाले विचारलं तर म्हणाला, “ते खूप वेळ खोकत होते.”

आईनं आधी मला धपाटा घातला आणि मग ती इतकी हसली की डोळे पुसत बसली. रात्रीच्या रोझरीला पुन्हा तिला उमाळा आला. त्या रोझरीइतकी मनापासूनची प्रार्थना आमच्या घरात फार वेळा झाली नसेल.

शेवटचा_बाक

किनारा, 🙏🙏🙏 तुमच्या भावाची आणि मसूच्या मुलाची गाठ घालून द्या.

नास्तिक_प्रसादापुरता

मी देव मानत नाही, तरी एक सांगतो. लांबलचक आहे.

वडील गेले. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. कावळे होते, झाडावर सात-आठ, पण एकही खाली येईना. ऊन चढलं. मोठा भाऊ पुढे होऊन म्हणाला, आईला सांभाळू. नाही. काका म्हणाले, वाडीचा वाद मिटवतो. (तो अजून मिटलेला नाही.) नाही. बहीण म्हणाली, तुमची पुस्तकं वाचनालयाला देऊ. एक कावळा जवळ आला, तिरका बघून परत गेला. गुरुजी दर्भाकडे बघायला लागले. दर्भाचा कावळा करून शिववतात, शेवटचा उपाय. मी मागे उभा, हाताची घडी, हा सगळा खुळेपणा आहे अशा चेहऱ्यानं.

वडिलांची एक खोड होती. रात्री झोपण्याआधी ते तीनदा उठून गॅस बघायचे. रेग्युलेटर बंद आहे ना. कुठे परगावी निघालो तर बसस्टँडवरून एकदा परत यायचेच. माझी बायको पुढे गेली आणि अगदी हळू, घरात बोलतात तसं म्हणाली, “बाबा, गॅस बंद केलाय मी.”

कावळा आला. थेट.

घाटावर आधी कोणालाच काही सुचेना. मग आई हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा. मग सगळेच. गुरुजीसुद्धा उपरण्यानं तोंड पुसत होते. मी हसत होतो की रडत होतो, मला आजही सांगता येणार नाही. पक्षी भूक लागली की येतो, एवढंच त्यात आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं.

घरी आलो तर शेगडीवर दूध. बारीक आचेवर, आटून बासुंदी झालेली.

वाफाळता_चहा

अरे देवा!

वऱ्हाडी_ठेचा

म्हणजे कावया फसला नं बापा.

ओसरी

नास्तिक, तुमच्या पत्नीला माझा आशीर्वाद. त्या सूनबाईंना त्या माणसाची खोड ठाऊक होती. बाकीचे मोठ्या मोठ्या गोष्टी बोलत बसले.

पाणवठा

कुरुंदवाडचा आहे. आमच्याकडे मशिदीत गणपती बसतात, हे आता पेपरवाल्यांमुळे बऱ्याच जणांना माहीत झालंय. आम्हाला त्यात बातमी कसली ते कळायचं नाही. मोहरम आणि गणपती एकदम आले होते त्या साली एका चाच्यांना मी विचारलं, दोन्हीकडं पळापळ होतीय, दमत नाही का? म्हणाले, “दमतो की. पण दोन्हीकडचा प्रसाद एकाच पोटात जातोय.” बाकी चालू द्या.

तळटीप

मला परत मूळ प्रश्नाकडे यायचंय. वरचे सगळे किस्से वाचले, हसलोही. पण नीट बघा. ओसरींच्या सासूबाई देवाशी बोलत होत्या. जनाबाई देवालाच बोलते. नाथांची सून, किनारांची आई, घाटावरची मंडळी, या सगळ्यांत एक तर देवावर हसणं आहे किंवा स्वतःवर. मसूंच्या घरी हसू आलं ते देवावर नाही. एका ऐंशीच्या आसपासच्या माणसावर, त्याच्याच घरात, तो मनापासून गात असताना. देवाला राग आला का हा प्रश्नच नाही. सासऱ्यांना लाज वाटली आहे, आणि तुम्ही सगळे श्रद्धेवर चर्चा करताय.

नास्तिक_प्रसादापुरता

तळटीपशी सहमत व्हावं लागतंय. तारीख लिहून ठेवा.

मधली_सून

तळटीप, बरोबर बोललात. आणि आता एक सांगूनच टाकते, जे आधी लिहिलं नव्हतं. धाकटा दीर आरतीचा व्हिडिओ काढत होता. त्यानं तो रात्रीच घरच्या ग्रुपवर टाकला. बॉयफ्रेंडसकट. ग्रुपवर ४१ माणसं आहेत, नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंत. सकाळी सासऱ्यांनी फोन उघडला तर हसून डोळ्यांतून पाणी येणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांगच रांग. त्यात माझाही एक आहे.

शेवटचा_बाक

ही गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये सांगायची असते, वहिनी!

ओसरी

अगं बाई. मग अबोला हसण्याचा नाहीच. दिराला सांगा, आधी तो व्हिडिओ काढून टाक आणि स्वतः जाऊन बोल. तुम्ही दाराआडून नको, त्यालाच जाऊ द्या. आणि तुम्ही तुमच्यापुरतं जाऊन सांगा, “चुकलं माझं.” पुढे ‘पण’ लावू नका.

तळटीप

आणि आरतीचं पुस्तक त्यांच्या हातात देऊ नका. माझ्यासारखी माणसं ते करतात, फार वाईट दिसतं. माझ्या वडिलांच्या बाबतीत मी केलंय. त्यानंतर ते माझ्यासमोर मोठ्यानं आरती म्हणत नसत.

किनारा

तळटीप, 🌼

वाफाळता_चहा

मसू, काय झालं ते सांगा. आम्ही इथेच आहोत. चहा दुसऱ्यांदा गरम केलाय.

मधली_सून

आज पाचवा दिवस, विसर्जन करून आत्ताच आलो. पाय ओले आहेत, पण लिहिते.

दिरानं परवा रात्री व्हिडिओ काढायला फोन उघडला, तर त्याच्या आधीच आत्याबाईंचा ध्वनिसंदेश येऊन पडलेला. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण, वय ८४, राहतात सांगलीला. त्यांना टंकता येत नाही, त्या बोलूनच धाडतात आणि मागे कुकरची शिट्टी असते. म्हणतात, “हसताय काय रे मेल्यांनो? मीही सजणाच म्हणते. आपली आई सजणाच म्हणायची. तिला कुठं वाचता येत होतं? चुलीपुढं बसून तिनं आम्हाला शिकवली तशी आम्ही म्हणतो. दादा, तू म्हण. मी इथं म्हणते.”

ते आम्ही सगळ्यांनी स्वयंपाकघरात उभ्यानं ऐकलं. सासऱ्यांनीही आतून ऐकलं असणार, दिराचा फोन मोठ्या आवाजावर असतो. दीर आत गेला, काय बोलला माहीत नाही, पाच मिनिटांनी बाहेर आला तो नाक शिंकरत. मग मी गेले. “चुकलं माझं” म्हटलं. ‘पण’ लावला नाही, ओसरीताई. ते म्हणाले, “निरांजनात तूप जास्त घालू नकोस, सांडतं.” एवढंच.

काल सकाळी बघितलं तर आरतीचं पुस्तक देव्हाऱ्यापाशी उघडं. मी ठेवलं नव्हतं, तळटीप, शपथ. चष्माही तिथेच. म्हणजे ‘सदना’ वाचलेलं आहे.

आणि संध्याकाळच्या आरतीला सगळं घर कान टवकारून. कोणी कोणाकडे बघत नाही. चिरंजीवांना मी आधीच दम भरलेला. ‘दास रामाचा वाट पाहे’पर्यंत आले, खणखणीत, आणि नेमका तिथं त्यांना खोकला आला. मोठा. झांजा थांबल्या नाहीत, ‘संकटी पावावे’ला परत सुरात. वाटलं, खरंच असेल. आज सकाळी उत्तरपूजेच्या आरतीला पुन्हा तिथंच. आणि घाटावर शेवटच्या आरतीला, गर्दीत, पुन्हा तिथंच.

येताना रिक्षात मुलगा विचारत होता, आजोबांना त्याच ओळीला का खोकला येतो. मी काही बोलले नाही. सासरे बाहेर बघत होते.

वऱ्हाडी_ठेचा

वाह.

ओसरी

आईचंही मोडवेना आणि पुस्तकाचंही.

शेवटचा_बाक

पुढच्या वर्षी खडीसाखर हाताशी ठेवा.